ईव्हन पॅरिटीवरच अडणारा सिरियल पोर्ट आणि कर्नलमधली बारा वर्षे जुनी टंकनचूक

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत वीजमीटरांचे आकडे गोळा करण्यासाठी तुम्ही लिनक्सवर चालणारा एक गेटवे बसवला आहे आणि तो आरएस-४८५ (औद्योगिक सिरियल जोडणी) च्या तारेवरून मॉडबस या संदेशपद्धतीने मीटर वाचतो. चालू केल्यावर सगळे सुरळीत असते. पाळी संपून लाइन बराच वेळ शांत राहिली की त्यानंतरच्या प्रत्येक वाचनाला सीआरसी (संदेश शाबूत आला का हे पडताळणारे शेवटचे दोन बाइट) चुकल्याचा संदेश येतो, आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की गाडी रुळावर येते. उत्पादकाने दिलेल्या कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) सिरियल ड्रायव्हर चाळताना रिझ्यूमच्या, म्हणजे पोर्ट झोपेतून जागा होतानाच्या, फंक्शनमध्ये तुम्हाला एक ओळ खटकली: मोडेम कंट्रोल रजिस्टरमध्ये, जपून ठेवलेले लाइन कंट्रोल रजिस्टरचे मूल्य लिहिले जात आहे. कोणती ओळ कोणत्या बदलात आली ते सांगणारा गिट ब्लेम ती ओळ २०१३ सालची दाखवतो. ही खरोखर टंकनचूक आहे का, असेल तर बारा वर्षे ती कोणालाच कशी दिसली नाही, आणि ‘कर्नलला हात लावू नका’ म्हणणाऱ्या वरिष्ठांना कसे पटवायचे, असे तुम्ही विचारले आहे.

मी बेळगावातच एम्बेडेड लिनक्सची कामे करतो आणि त्यातला मोठा भाग अशाच बोर्डांच्या ड्रायव्हरांचा असतो. माझ्या मते तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बाकीच्या दोहोंची उत्तरे त्यातूनच निघतात. ‘हजारो बोर्ड याच कोडवर चालतात, मग चूक कशी असेल?’ असे तुमचे वरिष्ठ म्हणत असतील तर तो आडमुठेपणा नाही. तो योग्य आक्षेप आहे. इतरांकडे का चालते आणि तुमच्याकडे का चालत नाही, या दोन्हींचे स्पष्टीकरण त्याच एका ओळीतून देता आले पाहिजे. तोपर्यंत तुमच्या हातात फक्त संशय आहे.

ती ओळ मुद्दाम तशी लिहिलेली असण्याची शक्यता आधी निकालात काढा, कारण सिरियल ड्रायव्हरांमध्ये दिसायला विचित्र पण हेतुपूर्वक लिहिलेल्या ओळी भरपूर असतात. १६५५० कुळातल्या यूआर्टमध्ये (सिरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपमध्ये) लाइन कंट्रोल रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट चढवला की पहिल्या दोन पत्त्यांवर बॉड रेटचा (वेगाचा) भाजक येतो. त्याच कुळातल्या पुढच्या काही चिपांमध्ये लाइन कंट्रोल रजिस्टरमध्ये नेमके १०११११११ हे मूल्य लिहिले की मोडेम कंट्रोलच्या पत्त्यावर भलतेच रजिस्टर उघडते. म्हणजे ‘या पत्त्यावर हे मूल्य’ एवढे वाचून निष्कर्ष काढता येत नाही. त्या क्षणी यूआर्ट कोणत्या अवस्थेत आहे ते चिपच्या मॅन्युअलमध्ये पाहावे लागते. तुम्ही दिलेल्या तुकड्यात त्या ओळीच्या आधी अशी कोणतीही अवस्था बदललेली दिसत नाही, हा तुमच्या बाजूचा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा याहून बळकट आहे आणि तो मिळवायला हार्डवेअरही लागत नाही. सस्पेंडच्या, म्हणजे पोर्ट झोपी जातानाच्या, फंक्शनमध्ये मोडेम कंट्रोलचे मूल्य स्ट्रक्चरच्या ज्या फील्डमध्ये जपले जाते, त्या फील्डचे नाव संपूर्ण ड्रायव्हरमध्ये शोधा. ते एकाच ठिकाणी लिहिले जाते आणि कुठेही वाचले जात नाही असे आढळले, तर ज्याने ते जपण्याची तसदी घेतली त्याचा हेतू ते परत भरण्याचाच होता, हे उघड आहे. वरची ओळ खाली उतरवून घेताना रजिस्टरचे नाव बदलले आणि फील्डचे नाव तसेच राहिले, एवढीच ही कहाणी असावी. कंपायलरने हे का सांगितले नाही, असा प्रश्न पडेल. जीसीसी या कंपायलरच्या ४.६ आवृत्तीपासून ‘मूल्य भरले पण वापरले नाही’ अशी सूचना मिळते, पण ती स्थानिक व्हेरिएबलपुरती असते. स्ट्रक्चरच्या फील्डला ती लागू होत नाही. शिवाय दोन्ही फील्डचा टाइप एकच आहे, तेव्हा कंपायलरच्या दृष्टीने तिथे काहीही वावगे नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ही चूक इतकी वर्षे लपली कशी. त्यासाठी कागदावर बिट मांडून बघा. सर्वत्र वापरली जाणारी मांडणी म्हणजे आठ बिट, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी प्रत्येक अक्षराला जोडलेला जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट. तिच्यासाठी लाइन कंट्रोलचे मूल्य ००००००११ असते, कारण खालचे दोन बिट ‘आठ बिटांचे अक्षर’ असे सांगतात. हेच मूल्य चुकून मोडेम कंट्रोलमध्ये गेले तर तिथे खालच्या दोन बिटांचा अर्थ डीटीआर चालू आणि आरटीएस चालू (‘मी तयार आहे’ आणि ‘पाठवायचे आहे’ सांगणाऱ्या तारा) असा होतो. पोर्ट उघडा असताना हे दोन बिट तसेही चढलेलेच असतात! चुकीचे मूल्य आणि बरोबर मूल्य योगायोगाने सारखेच निघाले. जुन्या पीसीवर ही चूक बहुधा लगेच पकडली गेली असती, कारण तिथे इंटरप्टची वाट आउट-२ नावाच्या बिटातून जाते आणि तो बिट उतरला की पोर्ट मुका होतो. एम्बेडेड चिपांमध्ये हा बिट सहसा कशालाच जोडलेला नसतो.

आता ऑड पॅरिटी घ्या. पॅरिटी चालू करणारा बिट चढतो, म्हणजे उजवीकडून शून्यापासून मोजल्यास तिसरा, आणि मूल्य ००००१०११ होते. मोडेम कंट्रोलमध्ये तिसरा बिट म्हणजे तोच आउट-२. काहीच बिघडत नाही. मग ईव्हन पॅरिटी घ्या. ‘ईव्हन’ सांगणारा चौथा बिटही चढतो आणि मूल्य ०००११०११ होते. मोडेम कंट्रोलमध्ये चौथा बिट लूपबॅकचा आहे. तो चढला की यूआर्ट स्वतःची पाठवण्याची बाजू आतल्या आत स्वतःच्याच घेण्याच्या बाजूला जोडतो, बाहेरची पाठवण्याची तार स्थिर ठेवतो आणि बाहेरून येणाऱ्या सिग्नलकडे पाहत नाही. तुमचा गेटवे झोपेतून उठल्यावर मीटरशी बोलतच नाही. तो स्वतःशी बोलतो.

मॉडबसच्या सिरियल लाइनच्या विनिर्देशात ईव्हन पॅरिटी हाच मूळ पर्याय धरलेला आहे आणि पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट ठेवावेत असे म्हटले आहे. प्रत्यक्षात पुष्कळ जण पॅरिटी काढून एकाच स्टॉप बिटावर काम भागवतात, आणि ड्रायव्हर तपासणारे इंजिनिअर तर कन्सोलच्याच मांडणीवर तपासतात. विनिर्देश पाळणाऱ्यालाच फटका बसावा, अशी ही चूक आहे. तुमच्या पॅनेलच्या दारावर वायरमनने ‘९६००, ईव्हन’ अशी पट्टी चिकटवली आहे असे तुम्ही लिहिले आहे. सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयुक्त धागा तोच होता.

सीआरसीच्या संदेशाने मात्र तुमची दिशाभूल केली. समजा, एक क्रमांकाच्या मीटरला तुम्ही शून्याव्या रजिस्टरपासून दोन रजिस्टरे मागितली. तुमच्या मागणीचे आठ बाइट असतात: मीटरचा क्रमांक, फंक्शन तीन, रजिस्टरच्या पत्त्याचे दोन बाइट, संख्येचे दोन आणि सीआरसीचे दोन. लूपबॅकमुळे हेच आठ बाइट ‘उत्तर’ म्हणून परत येतात. क्रमांक जुळतो, फंक्शन जुळते. उत्तराच्या मांडणीत तिसरा बाइट म्हणजे पुढे किती बाइट येणार ती संख्या. तुमच्या मागणीत त्या जागी पत्त्याचा वरचा बाइट, म्हणजे शून्य आहे. ‘शून्य बाइटांचे उत्तर’ असे समजून लायब्ररी पुढच्याच दोन बाइटांना सीआरसी मानते आणि ते साहजिकच जुळत नाहीत. काही लायब्रऱ्या लाइन शांत होईपर्यंत थांबून पूर्ण फ्रेम तपासतात. त्या अशा वेळी लांबी चुकल्याचे सांगतील. तेव्हा तुमच्या प्रोग्राममध्ये आलेले कच्चे बाइट छापून पाहा. पाठवलेलेच बाइट जसेच्या तसे परत आलेले दिसतील.

पण तेवढ्यावर थांबू नका. दोन तारांच्या आरएस-४८५ मध्ये पाठवताना रिसीव्हर बंद केलेला नसेल तर स्वतःचा प्रतिध्वनी एरवीही ऐकू येतो. फरक ओळखायचा तर चिपच्या पाठवणाऱ्या पिनवर लॉजिक अ‍ॅनालायझर लावा: प्रतिध्वनी असेल तर तिथे हालचाल दिसते, लूपबॅक असेल तर पिन निश्चल राहते. उद्यमबागेत अशा तक्रारीचा पहिला संशय इंडक्शन फर्नेसवर जातो आणि तो वावगाही नसतो. शील्ड नीट अर्थ केलेले नसणे, टोकाला १२० ओहमचा रोध नसणे, ड्राइव्हच्या केबलशेजारून तार नेणे, हे सगळे मी पाहत आलो आहे. गंमत एवढीच की वायरिंग दुरुस्त करताना पॅनेल बंद-चालू होते, पोर्ट नव्याने उघडतो, दोष नाहीसा होतो आणि श्रेय वायरमनला मिळते.

ईव्हन पॅरिटीखेरीज आणखी काही अटी एकत्र याव्या लागतात. असे ड्रायव्हर पुष्कळदा रजिस्टरे परत भरतात ती त्या भागाचा वीजपुरवठा खरोखर तुटून मूल्ये पुसली गेली असतील तेव्हाच. म्हणून थोड्या विश्रांतीनंतर दोष दिसत नाही, दीर्घ विश्रांतीनंतर दिसतो. तुमच्या ड्रायव्हरमध्ये तशी तपासणी आहे का ते पाहा. प्रोग्रामने पोर्ट सतत उघडा ठेवलेला असावा लागतो, कारण दर वेळी उघडबंद करणाऱ्या प्रोग्रामसाठी मोडेम कंट्रोल नव्याने लिहिले जाते. आणि बोर्डावर दिशा बदलण्याचे काम ट्रान्सीव्हर आपणहून करतो असे तुम्ही म्हणता. त्यासाठी आरटीएस बदलणारी यंत्रणा असती तर मोडेम कंट्रोलचे पूर्ण मूल्य अधूनमधून नव्याने लिहिले जाऊन चूक झाकली जाण्याची शक्यता होती. या सगळ्या अटी एकाच बोर्डावर जुळायला बारा वर्षे लागली, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

वरिष्ठांना पटवण्याचा मार्ग इथेच आहे. काहीही न तपासता आधी भाकीत लिहून द्या: दीर्घ विश्रांतीनंतर पॅरिटी नसताना चालेल, ऑडवर चालेल, ईव्हनवर बंद पडेल. मग टेबलावर, लॅपटॉप आणि यूएसबी-आरएस-४८५ कन्व्हर्टर यांना मीटरच्या जागी बसवून, तिन्ही मांडण्या चालवा. यातले ऑडचे भाकीत सर्वांत मोलाचे आहे, कारण ‘पॅरिटीचीच काहीतरी गडबड आहे’ असे मोघम मानणाऱ्याला ऑड का चालते ते सांगता येणार नाही. तुम्हाला सांगता येईल. शेवटी ती एक ओळ बदलून ईव्हन पुन्हा चालवा. हे सगळे टेबलावरच करा. चिक्कोडी-हुक्केरी भागातल्या साखर कारखान्यांची कामे करताना गळीत हंगामात चालू यंत्रणेवर कर्नल बदलण्याचा विषयही काढता येत नाही, आणि फाउंड्रीतही त्याहून वेगळी मोकळीक मिळेल असे मला वाटत नाही.

मोडेम कंट्रोल रजिस्टर थेट वाचायचे असेल तर डेव्हमेम या मेमरीचा पत्ता थेट वाचणाऱ्या साधनाने वाचता येते, पण एक खबरदारी घ्या. यूआर्टचे क्लॉक थांबलेले असताना त्याच्या पत्त्यावर वाचन केले तर पुष्कळ चिपांवर बस एरर येऊन यंत्र कोलमडते. आधी सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) त्या उपकरणाच्या पॉवर फोल्डरमधल्या कंट्रोल फाइलीत ‘ऑन’ असे लिहून ते जागे करा आणि मगच वाचा. जागे होतानाच चुकीचे मूल्य भरले जाते, त्यामुळे पुरावा पुसला जाण्याची भीती नाही. पत्ता काढताना रजिस्टरांमधले अंतर एक बाइटाचे आहे की चार बाइटांचे, हेही पाहून घ्या.

इतिहास शोधताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, गिट ब्लेम जी ओळ २०१३ ची म्हणतो ती त्या वर्षी केवळ सरकवलेली किंवा दुसऱ्या फाइलीतून आणलेली असू शकते. ब्लेमला मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करायला आणि इतर फाइलींतून आलेल्या ओळींचा माग काढायला सांगणारे पर्याय आहेत, आणि गिट लॉगमध्ये विशिष्ट मजकूर प्रथम कधी आला ते शोधण्याचीही सोय आहे, तिन्ही वापरा. मूळ लिनक्सच्या गिटमधला इतिहास एप्रिल २००५ मधल्या २.६.१२-आरसी२ पासून सुरू होतो, त्यामुळे त्याहून जुन्या ओळी सगळ्या त्याच एका नोंदीच्या नावावर दिसतात. तुमच्या बाबतीत तेवढे मागे जावे लागणार नाही.

दुसरे, बायसेक्ट, म्हणजे चांगली आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामधला दोषी बदल शोधण्याची गिटमधली सोय. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक बदल असले तरी निम्मे-निम्मे करत चौदा-एक पायऱ्यांत दोषी बदल सापडतो, म्हणून नव्या माणसाला ते रामबाण वाटते. पण जी चूक जन्मापासून आहे तिच्यासाठी ‘चांगली’ आवृत्तीच अस्तित्वात नसते. त्याहून वाईट म्हणजे बायसेक्ट तुम्हाला एक उत्तर देईलही: ज्या बदलाने त्या चिपवर खोल झोप पहिल्यांदा चालू केली, तो बदल. त्या बदलाने चूक उघडी पाडली, केली नाही. तो उलटवला तर लक्षण जाईल, चूक तशीच राहील आणि वीज मात्र जास्त खर्च होईल. ‘आम्ही नवी आवृत्ती घेतली तेव्हापासून होते’ हे वाक्य ऐकले की मी आधी हा फरक तपासतो.

अशा चुका तज्ज्ञांच्या नजरेतूनही सुटतात का, असेही तुम्ही विचारले आहे. सुटतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलला आयओएस ७.०.६ काढावी लागली ती एकच ‘गोटू’ (कोडमध्ये दुसरीकडे उडी मारण्याची) ओळ दोनदा पडल्यामुळे. ते कर्नलचे नव्हे, सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीचे कोड होते, पण जोडणी सुरू होताना सर्व्हरने पाठवलेल्या सहीची खरी तपासणी त्या एका ओळीने टळत होती. फसव्या इंडेंटेशनची सूचना जीसीसीमध्ये त्यानंतर, २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत आली. उलट उदाहरण नोव्हेंबर २००३ चे आहे. लिनक्सचे मूळ कोड तेव्हा बिटकीपर या साधनात ठेवले जाई आणि सीव्हीएस या जुन्या साधनात त्याची एक प्रत असे. त्या सीव्हीएस प्रतीत कोणीतरी वेट-फोर या सिस्टीम कॉलमध्ये दोन ओळी घुसवल्या, ज्यांत यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) शून्य आहे का हे ताडून पाहण्याऐवजी एकाच बरोबरच्या चिन्हाने ती शून्य केली जात होती, म्हणजे हाक मारणाऱ्याला रूटचे, म्हणजे सर्व अधिकार मिळत होते. दिसायला साधी टंकनचूक, हेतू मात्र साधा नव्हता. ती सापडली तीही मूळ बिटकीपरमधल्या नोंदीशी ती प्रत जुळेना म्हणून. ओळीकडे नुसते पाहून हेतू ठरवू नका असे मी वर म्हटले ते यासाठीही.

आता दुरुस्ती पाठवण्याविषयी. हा ड्रायव्हर मूळ लिनक्समध्येही आहे की फक्त उत्पादकाच्या शाखेत, यावर पुढचे अवलंबून आहे. मूळ लिनक्समध्ये असेल तर नव्यातल्या नव्या कोडमध्ये ती ओळ अजून तशीच आहे ना ते पाहा. कोणीतरी आधीच दुरुस्त केली असेल तर तुमचे काम फक्त तो पॅच (दुरुस्तीचा तुकडा) तुमच्या जुन्या आवृत्तीत आणण्याचे उरते. नसेल, तर एका ओळीचा पॅच करा आणि त्यात दुसरे काहीही मिसळू नका. शेजारच्या कॉमेंटमधले चुकलेले स्पेलिंग, वाकडे इंडेंटेशन, हे सगळे डोळ्यांत खुपेल, तरी राहू द्या. स्टेबल, म्हणजे आधी निघालेल्या आवृत्त्यांना फक्त दुरुस्त्या देणाऱ्या, शाखांच्या नियमांत पॅच उघडपणे बरोबर, तपासलेला आणि आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत असावा असे आहे, आणि स्वच्छतेची भर पडली की ‘उघडपणे बरोबर’ राहणे कठीण होते.

वर्णनात ‘टंकनचूक दुरुस्त केली’ एवढेच लिहिलेत तर सांभाळणाऱ्याला ती कॉमेंटमधली चूक वाटेल आणि स्टेबलमध्ये ती घेण्याचे कारण दिसणार नाही. लक्षण लिहा, ईव्हन पॅरिटीचा बिट लूपबॅकच्या जागी पडतो हे लिहा, इतर मांडण्यांमध्ये ते का दिसत नाही हेही लिहा. खाली ‘फिक्सेस’ या टॅगमध्ये मूळ नोंदीचा बारा अक्षरी हॅश (गिटमधला ओळखक्रमांक) आणि तिचे शीर्षक द्या, स्टेबलला प्रत जाईल असे करा, चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट चालवा, आणि गेटमेंटेनर ही स्क्रिप्ट जे पत्ते देईल त्यांना साध्या मजकुराच्या ईमेलने पाठवा. पाठवण्यापूर्वी सस्पेंडची बाजूही एकदा वाचा: तिथे मोडेम कंट्रोल योग्य अवस्थेत असतानाच जपले जात आहे ना? आजवर ते मूल्य कोणी वाचतच नव्हते, त्यामुळे तिथेही चूक असली तर ती तुमच्या दुरुस्तीनंतर प्रथमच उघडी पडेल. ड्रायव्हरमध्ये अशी जपण्या-भरण्याची आणखी जोडी असेल तर तिच्यावरूनही नजर फिरवा. ओळी उतरवून घेणारा हात सहसा एकाच ठिकाणी थांबलेला नसतो.

हे सगळे होईपर्यंत फाउंड्रीतले वाचन चालू राहिले पाहिजे. वर सांगितलेल्या कंट्रोल फाइलीत बूट होतानाच ‘ऑन’ लिहिले जाईल अशी व्यवस्था करा, म्हणजे तो यूआर्ट चालू असताना झोपणारच नाही आणि कर्नलला हात न लावता काम भागेल. संपूर्ण गेटवेच रात्री सस्पेंड होत असेल तर मात्र हा उपाय पुरणार नाही. तेव्हा जागे झाल्यावर प्रोग्रामला पोर्ट बंद करून पुन्हा उघडायला लावा. मीटरांची पॅरिटी ऑड करणे हाही मार्ग आहे, पण प्रत्येक पॅनेल उघडून प्रत्येक मीटर बदलावा लागेल आणि दारावरच्या पट्ट्याही, म्हणून तो मी शेवटी ठेवीन.